पान सापडत नसल्यास घरी फोन करावा

सूचीकाकांनी एकही पान हरवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वसाहतीत काही लोक आजही तसं म्हणतात, आणि सूचीकाका आजही त्यांना जिन्यात गाठून समजावतात की पानं हरवली नव्हती, उलट जन्मात पहिल्यांदा ती जागेवर लागली होती. ती कुणाला दिसत नव्हती, हा भाग निराळा.

माणसाला असलं नाव उगाच पडत नाही. वसाहतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत जे ग्रंथालय आहे ते सूचीकाका निवृत्त झाल्यापासून बिनपगारी सांभाळत होते. पुस्तकं विषयवार, विषयात लेखकवार आणि एका लेखकाची उंचीवार. घरीही तोच खाक्या. फ्रिजच्या दारावर आत काय आहे याची सूची, औषधांच्या डब्यावर औषधांची सूची, आणि स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावलेले, त्यामुळे साखर कायम फळीच्या पार टोकाला. काकूंनी चहा करताना लग्नानंतरची सगळी वर्षं त्या टोकापर्यंत हात लांबवला होता, आणि त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. बोलून उपयोग नाही हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

तर या ग्रंथालयाच्या खोलीवर संकट आलं होतं. वसाहतीतले एक हिशेबतपासनीस तिथे व्यायामशाळा करा म्हणून हटून बसले होते. त्यांना सगळे पहिलवान म्हणत. अंगाने इतके बारीक की त्यांच्यापेक्षा त्यांचा शर्ट हँगरवर जास्त भरदार दिसावा. पण व्यायामावर त्यांची श्रद्धा मोठी होती, आणि श्रद्धेला अनुभव लागतोच असं नाही. त्यांनी घरोघर फिरून कागदावर सह्या जमवल्या होत्या. रविवारच्या सभेत निर्णय व्हायचा होता. ग्रंथालयाच्या बाजूने किती लोक आहेत, असं त्याआधीच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं तेव्हा सूचीकाका उभे राहिले आणि म्हणाले, "दारोदार कागद घेऊन हिंडायचे दिवस गेले, साहेब. आमचा पाठिंबा वेबसाइटवर येईल. सभेत आपण सगळ्यांदेखत पान उघडू आणि मोजू."

हे वाक्य बोलताना ते स्वतःलाच फार आवडलं. पुढे जे झालं त्याचं मूळ या आवडण्यात आहे.

वेबसाइट सूनबाईंनी करून दिली होती. त्या हेच काम करतात, आणि सासऱ्यांवर त्यांची माया आहे. एका बैठकीत त्यांनी ग्रंथालयाची दहाबारा पानं बनवली. वेळापत्रक, नियम, नवीन पुस्तकं, आणि पहिल्याच पानावर एक मोठं हिरवं बटण, "ग्रंथालय हवंच". ते दाबलं की पाठिंब्याचं पान उघडायचं आणि तिथे आपलं नाव घालायचं. मग त्या कामानिमित्त आठवडाभर परगावी निघाल्या. दारात बूट घालता घालता म्हणाल्या, "बाबा, तुम्ही फक्त नवीन पुस्तकांच्या पानावर भर घालत जा. आतल्या फायली तेवढ्या हलवू नका."

"मी कशाला हलवू?" सूचीकाका म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

पण मंगळवारी नवीन पुस्तकांची नावं घालायला ते आत शिरले आणि तिथला पसारा बघून नावं घालायची विसरले. सगळ्या फायली एकाच जागी ओतलेल्या. नियमांच्या फायलीशेजारी खोलीचा फोटो, फोटोशेजारी वेळापत्रक, त्याच्याखाली दुसरं वेळापत्रक आणि त्याच्याही खाली "शेवटचं वेळापत्रक" आणि "खरंच शेवटचं वेळापत्रक". फायलींना नावं कसली, तर पान दोन, पान दोन नवं. इतकी हुशार पोर, पण फायलींच्या बाबतीत अशी वागते याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. एकेका विषयाचं एकेक कपाट केलं. नियम नियमांत घातले, फोटो फोटोंत, पाठिंबा "सभासद, अभिप्राय" या कपाटात, खालच्या कप्प्यात. नावंही सगळी बदलून स्वच्छ केली. मुखपृष्ठ तेवढं बाहेर ठेवलं, कारण मुखपृष्ठ बाहेरच असतं. मग हात धुतले. संगणकावर काम केल्यावर हात धुवायची गरज नसते, पण आवराआवर केली की हात धुवायचे अशी त्यांना सवय होती.

चहाच्या वेळी अध्यक्षांचा फोन आला. "अहो, तुमचं हिरवं बटण दाबलं तर भलतंच काहीतरी येतंय."

सूचीकाकांनी बटण दाबलं. एक पांढराफटक पडदा आला, त्यावर पान सापडलं नाही अशा अर्थाची इंग्रजीत एक तुटक ओळ आणि वर चारशे चार हा आकडा. त्यांनी वेळापत्रक दाबलं. पुन्हा चारशे चार. नियम दाबले, चारशे चार. मुखपृष्ठावरचा खोलीचा फोटोही गायब होऊन तिथे फाटक्या कागदाचं छोटं चित्र आलं होतं.

"चारशे चौथं पान?" ते काकूंना म्हणाले. "आपल्याकडे मुळात दहाबारा पानं. चारशे चौथं मी कुठून आणू?"

"सूनबाईला फोन करा," काकू म्हणाल्या.

ही गोष्ट सूचीकाकांना विचार करण्यासारखीही वाटली नाही. सासऱ्याने सुनेला फोन करून सांगायचं की तू हलवू नको म्हणालीस ते मी हलवलं? आणि मुळात हलवलं कुठे होतं? आवरलं होतं. शब्दांत फरक आहे. ते पुन्हा आत जाऊन बघून आले. एकूण एक फाइल आपापल्या कपाटात शहाण्या मुलासारखी बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, फक्त इथे कळसा काखेत आहे हे माहीत असूनही वळसा चुकत नव्हता.

या प्रसंगी दुसरा कुणी असता तर त्याने सगळं होतं तसं पसरून ठेवलं असतं. सूचीकाकांना त्या पडद्यावरच्या उर्मटपणाचाच राग आला. माणूस आपल्या दारात येतो, काही मागतो, आणि त्याच्या तोंडावर आकडा फेकायचा? ग्रंथालयात एखादं पुस्तक नसलं तर आपण असं म्हणतो का? हा मजकूर बदलता येतो असं त्यांना आतल्या एका कोपऱ्यात दिसलं. मग त्यांनी पेन्सिलीने कच्चा मसुदा केला, दोनदा खोडला, आणि शेवटी हे लिहिलं.

"नमस्कार. आपण मागितलेले पान या क्षणी जागेवर दिसत नाही. यात आपली काहीही चूक नाही. सदर पान फाटलेले, चोरीला गेलेले अथवा नष्ट झालेले नसून सुस्थितीत आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल ग्रंथालय दिलगीर आहे. पान सापडत नसल्यास घरी फोन करावा." आणि खाली घरच्या फोनचा नंबर.

त्यांनी ते काकूंना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "घरचा नंबर कशाला?"

"दिलगिरी नुसती शब्दांत असून चालत नाही," सूचीकाका म्हणाले. "तिला पत्ता लागतो."

पहिला फोन त्यांनी स्वतः घेतला. एका बाईंना वेळापत्रक हवं होतं. सूचीकाकांनी त्यांना वेळापत्रकाआधी वर्गीकरणाची तत्त्वं समजावून सांगितली आणि बाईंनी मध्येच फोन ठेवला. दुसऱ्याही फोनचं तेच झालं. तिसऱ्यापासून फोन काकू घेऊ लागल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांना ताटावरून इतक्या वेळा उठावं लागलं की शेवटी त्यांनी खुर्ची फोनजवळ नेली आणि ताट मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सल्लागार आले. वसाहतीत कुणाचा नळ गळला तर कुणी फिरकत नाही, पण संगणक बिघडला की प्रत्येक मजल्यावरून एकेक उंटावरचा शहाणा खाली उतरतो. सर्वांत आधी वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि त्यांच्या मते वेबसाइट आणि पूल यांत तत्त्वतः काही फरक नव्हता.

"जुना कचरा साठलाय तुमच्या मशिनमध्ये," ते म्हणाले. "तो आधी साफ करा. मग बघा कशी धडाधड पानं उघडतात."

साफ करणे हा शब्द सूचीकाकांपुढे उच्चारणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं नाव काढणं. इंजिनिअर सांगत गेले, सूचीकाका दाबत गेले. इतिहास साफ, साठवलेलं सगळं साफ, जे जे म्हणून साफ होण्यासारखं होतं ते ते साफ. त्या साफसफाईत सूनबाईंनी मशिनमध्ये साठवून दिलेला पासवर्डही साफ झाला. आता फायली आतल्या कपाटांत आणि सूचीकाका बाहेर, अशी अवस्था झाली.

"पासवर्ड आठवून बघा," इंजिनिअर म्हणाले.

"मी ठेवलेलाच नाही तर आठवू कुठून?"

तरी त्यांनी प्रयत्न केले. आधी स्वतःची जन्मतारीख घातली. मग स्वतःचं नाव, मग ग्रंथालयाचं नाव, मग स्वतःच्या लग्नाची तारीख. सूनबाईंनी यातलं काहीही वापरलं नव्हतं याचं त्यांना मनातून लागलं. "ग्रंथालय हवंच" हेही चाललं नाही. थोड्या वेळाने पडद्याने कळवलं की चुकीचे प्रयत्न फार झाले असून आपलं खातं सुरक्षिततेसाठी बंद करण्यात येत आहे. इंजिनिअर म्हणाले, "चला, म्हणजे सुरक्षा चांगली आहे," आणि जेवायला वर गेले.

मग वकील आले. त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी दार लावून घेतलं. "कुठेही, काहीही कबूल करू नका," ते म्हणाले. "पान सापडत नाही असं कुणी म्हणालं तर तुम्ही म्हणायचं, पान सापडत नाही असा आरोप आहे. आणि ते दिलगीर वगैरे आधी काढा. दिलगिरी म्हणजे अर्धा गुन्हा."

"काढू कसं? मला आत जाता येत नाही."

"उत्तम," वकील म्हणाले. "म्हणजे तुमचा ताबाच नाही. बाजू भक्कम आहे."

राहता राहिली ती जागा भाड्याने देणारी कंपनी, जिच्याकडे ही साइट ठेवलेली होती. सूचीकाकांनी तिच्या मदत केंद्राला फोन लावला. एका गोड आवाजाने एक दाबा, दोन दाबा करत त्यांना इतकं फिरवलं की ते पुन्हा पहिल्या नमस्कारापाशी आले. मग गाणं वाजलं. शेवटी एका माणसाने तक्रार नोंदवून घेतली आणि सांगितलं की तक्रारीचं पुढे काय झालं ते पाठवलेल्या दुव्यावर बघा. सूचीकाकांनी दुवा उघडला. पडद्यावर चारशे चार आलं. कंपनीचं स्वतःचं.

त्या क्षणी त्यांना थोडं बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"सर, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित दिसतंय," माणूस म्हणाला.

"माझ्याही बाजूने व्यवस्थितच आहे," सूचीकाका म्हणाले. "व्यवस्थित केल्यापासूनच दिसत नाहीये."

"फायली सगळ्या आहेत ना सर?"

"सगळ्या. मी स्वतः लावल्यात."

"मग अडचण काही नाही," असं म्हणून त्याने तक्रार मिटवली, शेरा मारला की ग्राहक समाधानी आहे, आणि सेवेला किती तारे द्याल असं विचारलं. सूचीकाकांनी काय उत्तर दिलं ते काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तेवढ्यापुरता नळ मोठा सोडला.

इकडे पहिलवानांना आयतंच कोलीत मिळालं. लिफ्टशेजारच्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ज्यांना स्वतःचं एक पान सापडत नाही, त्यांच्या हाती इतकी पुस्तकं द्यावीत काय?" सूचीकाकांनी त्या फळ्यासमोर उभं राहून वाक्य दोनदा वाचलं. वाक्यात खोट नव्हती, याचाच त्यांना जास्त संताप आला. घरी येऊन त्यांनी डोक्यावरून पांघरूण घेतलं. दुपारची झोप ते कुठल्याही संकटात चुकवत नसत, आणि दुपारी ग्रंथालयही बंद असे. नियमच होता तसा, त्यांनीच केलेला.

फोन मात्र थांबेनात. काकूंचा त्यात आता हात बसला होता. कुणी विचारलं की प्रवासवर्णनं कुठे आहेत, की त्या कानाला फोन धरून डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "खिडकीजवळच्या कपाटात, मधल्या फळीवर. त्यातलं निळ्या पुठ्ठ्याचं घेऊ नका, त्याचा शेवट कुणीतरी फाडलाय. हिरवं घ्या." सूचीकाका चकित झाले. निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा शेवट फाटलाय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"तुला कसं माहीत?"

"तुमचं ऐकून ऐकून," काकू म्हणाल्या, आणि पुढचा फोन उचलला.

त्या बाई शांतपणे ऐकून घेतात, ही बातमी फुटली. लोक आपल्या बहिणींना, साडूंना, ऑफिसातल्यांना नंबर देऊ लागले. एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्या विजेच्या बिलाचंही पान उघडत नाही. काकूंनी त्यांना सकाळी लवकर वीज कार्यालयात जा आणि चष्मेवाल्या बाईंच्या खिडकीशीच उभे राहा असा सल्ला दिला. संध्याकाळी त्यांनी आभाराचा फोन केला. एका मुलीला तिच्या परीक्षेच्या निकालाचं पान सापडत नव्हतं. काकू तिच्याशी इतका वेळ बोलल्या की भात करपला. सूचीकाकांना हे सगळं फार अव्यवस्थित वाटत होतं. कुणाचं पान, कुणाचा फोन, कशाला कशाचा मेळ नाही. पण रविवारच्या सभेची त्यांना मुळीच भीती नव्हती. "सत्य आपल्या बाजूला आहे," ते काकूंना म्हणाले. "फायली सगळ्या जागेवर आहेत."

"सभेला मी येऊ का?" काकूंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "नको. फोन कोण घेणार?"

सभा त्याच ग्रंथालयाच्या खोलीत होती. पहिलवानांनी सह्यांचे कागद अध्यक्षांपुढे ठेवले, आणि ते बरेच जाड दिसत होते. त्यांनी भाषण छोटं केलं. आरोग्य, तरुण पिढी, पाठीचं दुखणं. मग म्हणाले, "आता समोरच्या बाजूचा पाठिंबा बघू. सगळ्यांदेखत पान उघडायचं ठरलंय."

वकील सूचीकाकांच्या कानाशी पुटपुटले, "आरोप आहे म्हणा." पण तोवर कुणीतरी भिंतीवर साइट लावली होती. मुखपृष्ठ आलं, फाटक्या कागदाच्या चित्रासकट. अध्यक्षांनी हिरवं बटण दाबलं आणि भिंतीवर नमस्कार आला. अध्यक्षांनी तो मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. "नष्ट झालेले नसून सुस्थितीत आहे" या ठिकाणी मागच्या रांगेत हशा पिकला. सूचीकाकांची मान ताठ होती, कान मात्र तापले होते. ही खोली त्यांच्या डोळ्यांदेखत जाणार होती, आणि लोक हसत होते.

"पानच म्हणतंय फोन करा," अध्यक्ष म्हणाले, "तर करून बघू." त्यांनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला.

"बोला," पलीकडून काकूंचा आवाज आला. "कुठलं पान हवंय?"

"ते ग्रंथालयाला पाठिंबा देणाऱ्यांचं," अध्यक्ष म्हणाले. "उघडत नाहीये."

"ते मंगळवारपासूनच नाही उघडत. आमच्या ह्यांनी आवरलंय ना. पाठिंबा द्यायचाय का तुम्हाला? सांगा की तोंडी, काही बिघडत नाही. सगळे तसंच करतायत."

"सगळे म्हणजे? किती?"

"मोजलं नाही हो. मोजायला फोन खाली ठेवावा लागतो. आता अध्यक्षांच्या बायकोनंच दोनदा केला. म्हणाल्या, घरात बोलायची सोय नाही, ह्यांचा कल व्यायामशाळेकडे. मी म्हटलं, पोट कमी होणार असेल तर होऊ दे की. तर म्हणतात कशा, घरासमोर बाग आहे, तिथे एक फेरी मारत नाहीत."

खोलीत जो हशा झाला त्यात अध्यक्षांनी घाईघाईने आवाज बारीक करायला हात पुढे केला आणि घाईत तो आणखी मोठा केला.

"आणि एक आजी आहेत," काकू सांगत होत्या. कुणाशी बोलतोय हे विचारायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. "त्या तर रडवेल्या झाल्या होत्या. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, माझं मत वाया गेलं का म्हणून. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही त्यांना. रोज दुपारी त्या खोलीत येतात, मी वाचून दाखवते. आमचे हे झोपतात तेव्हा. एरवी दोन दोन तास बसतो आम्ही, या आठवड्यात फोनमुळे राहून गेलं. आणि त्यांचाच मुलगा म्हणे ती खोली मागतोय."

कुणी पहिलवानांकडे बघितलं नाही. न बघण्यासाठी सगळ्यांना जरा कष्टच पडले. पहिलवान टेबलापाशी आले आणि मोबाइलकडे वाकले.

"त्या... आजी आणखी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझं नाव कुठे घालू नकोस, लेकाला वाईट वाटेल. चांगला आहे हो मुलगा, असं दहा वेळा म्हणाल्या. कामावरून दमून येतो, मी काही बोलायला गेले की म्हणतो, आई, उद्या. मी रागवत नाही म्हणाल्या. पण दुपार फार मोठी असते गं. ही खोली गेली तर दुपारी मी कुठे जाऊ?" काकू थांबल्या. "तुम्ही आहात ना लाइनीवर?"

"आहे," पहिलवान म्हणाले. "आहे."

मग त्यांनी आपले सह्यांचे कागद उचलले, त्यांची घडी घातली, आणि म्हणाले की व्यायामशाळा गच्चीवरही होऊ शकते, हवा चांगली असते. अध्यक्षांना तर काहीतरी करून विषय संपवायचाच होता. त्यांनी ग्रंथालयाच्या बाजूने हात वर करा म्हटलं आणि पहिला हात स्वतःचा वर केला. सूचीकाका आभार मानायला उठले. विजय मिळाल्यावर बोलायचं भाषण त्यांनी सभेआधीच तयार ठेवलं होतं, आणि ते त्यांनी पूर्ण केलं. त्यात वर्गीकरणावर बराच भर होता.

घरी जाताना मात्र त्यांना एकेक गोष्ट लागत गेली. "दुपारी ग्रंथालय उघडं असतं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"असतं," काकू म्हणाल्या.

"कुणाच्या परवानगीने?"

"किल्ली खुंटीला असते." त्यांनी एवढंच सांगितलं आणि चहाला लागल्या. सूचीकाका खुर्चीत बसून राहिले. ग्रंथालयातलं प्रत्येक पुस्तक कुठे आहे हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. आपली बायको रोज दुपारी कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आज ते अख्ख्या वसाहतीसमोर कळलं होतं. त्यांना याचं खरोखर वाईट वाटलं. काही वेळाने ते उठले आणि साखरेचा डबा फळीच्या टोकावरून काढून शेगडीशेजारी ठेवला. काकूंनी बघितलं आणि चहात चमचा ढवळला.

संध्याकाळी सूनबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, तोंड दाबून हसल्या आणि बसल्या जागी पानं उघडी करून दिली. "फायली तुमच्या कपाटांतच राहू देत, बाबा," त्या म्हणाल्या. "फक्त जुन्या जागी चिठ्ठी ठेवायची असते, पान आता अमुक ठिकाणी आहे म्हणून."

"आम्ही पुस्तकांच्या बाबतीत तेच करतो," सूचीकाका म्हणाले, आणि ते आपण का केलं नाही हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूचीकाका झोपले नाहीत. दुपारची वेळ रीतसर जाहीर करायचीच तर आधी पाहणी करावी, असं काकूंना सांगून ते खाली गेले. दार उघडं होतं; किल्ली काकूंनी आधीच कुणाला तरी दिलेली दिसत होती. शेवटच्या कपाटाआड आजी बसल्या होत्या आणि शेजारी, ऑफिसची बॅग पायाशी ठेवून, पहिलवान वाचत होते. ताळेबंद वाचून दाखवावा तसं एकसुरी, धापा टाकत, विरामाची पर्वा न करता. आजी डोळे मिटून ऐकत होत्या.

"मध्ये काहीतरी सोडलंस तू," त्या म्हणाल्या.

"नाही आई, ओळीने वाचतोय."

"सोडलंस. आत्ता तर ती घराबाहेर पडली होती. एकदम परत कशी आली?"

पहिलवानांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. पानांचे आकडे बघितले. दोन पानं कडेला एकमेकांना चिकटली होती. सूचीकाका कपाटाच्या कडेला उभे होते. असल्या वेळी पट्टी कुठून घालायची हे त्यांना माहीत होतं, पण ते पुढे झाले नाहीत. पहिलवानांनी नखाने हळूहळू, न फाडता, ती पानं सोडवली.

"सापडलं," ते म्हणाले, आणि मागे जाऊन पुन्हा वाचायला लागले.